अबोली साडी आणि आमचा हुशार कॅमेरा

मॅचिंग ब्लाउजपीस आणायला दुकानात साडी न्यायची नाही, नुसता फोटो न्यायचा, हा निर्णय माझा. (घरातले फसलेले निर्णय बहुतेक माझेच असतात.)

अक्षता, म्हणजे आमची ही, भाचीच्या साखरपुड्याला स्वतःच्या आईनं जाण्याआधी दिलेली शेवटची साडी, अबोली रंगाची, नेसणार होती. जुना ब्लाउज आता होत नव्हता. शिवणाऱ्या कांताबाईंनी बजावलं होतं, "आज आठच्या आत कापड द्या. नाहीतर पुढच्या महिन्यात."

"अहो, साडीच घेऊन जा," ही म्हणाली.

"स्वारगेटच्या गर्दीतून सासूबाईंची साडी? माझा कॅमेरा कशाला आहे? ऑटो व्हाइट बॅलन्स आहे त्यात, दिव्यामुळे बदललेले रंग आपोआप दुरुस्त करतो. डोळ्यांपेक्षा हुशार!"

मी साडी पलंगावर पसरली आणि काठोकाठ फ्रेम भरून फोटो काढला. इथंच माशी शिंकली. सगळीकडे एकच रंग बघून कॅमेऱ्याला वाटलं, हा दोष खोलीतल्या दिव्याचा. त्यानं तो इमानेइतबारे काढून टाकला. (हे ज्ञान नंतरचं.) फोटोत साडी राखाडी दिसली, पण अबोली म्हणजे नेमकं काय, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? डोळ्यांपेक्षा कॅमेराच खरा!

दुकानदारानं फोटो पाहिला. "साडी कुठाय?"

"घरी."

"मग ब्लाउजपीसही घरीच शोधायचा."

"अहो, साधासुधा कॅमेरा नाही हा!"

"गिऱ्हाईकही नाही," म्हणत त्यानं राखाडी कापड काढलं. "कापलं की परत घेणार नाही."

मी ऐटीत दीड मीटर घेतलं.

घरी ही कापड साडीवर ठेवून बघतच राहिली. "हे अबोली?"

"कॅमेरा म्हणतो..."

"मग कॅमेऱ्यालाच नेसवा!" आणि तिचे डोळे भरून आले. "आईची साडी आहे हो ती."

मला खरंच लाज वाटली. तिनं साडी पिशवीत घातली, रिक्षा करून दुकान गाठलं आणि आठला पाच मिनिटं कमी असताना अबोली कापड कांताबाईंच्या हातात ठेवलं. सोबत माझं राखाडीही. "यांना बिनबाह्यांचं जाकीट शिवा. वाया कशाला घालवायचं?"

साखरपुड्यात ही इतकी सुंदर दिसत होती की कॅमेरा आणला नाही याची मला हळहळ वाटली. (न आणण्याची अट तिचीच.) मी जाकीट घालून कोपऱ्यात उभा होतो. तेवढ्यात फोटोग्राफर सृष्टीनं हाक मारली, "काका, प्लीज स्टेजवर या ना!"

मी हिच्याकडे विजयी नजर टाकली, मधोमध उभा राहिलो, छानपैकी हसलो. क्लिक!

"परफेक्ट! जाकीट एकदम न्यूट्रल ग्रे आहे, रंग जुळवायला असंच राखाडी लागतं. माझा व्हाइट बॅलन्स सेट झाला," सृष्टी म्हणाली. "आता बाजूला व्हा काका, फोटो सुरू करायचेत."