तांडेल सरांच्या साड्या

आमच्या आयटीआयमधली लेथ मशिन्स साड्या नेसतात. खोटं वाटत असेल तर संध्याकाळी सुटायच्या वेळी या. पोरं हात धुवायला पळाली की टर्नर ट्रेडचे, म्हणजे लोखंड कातायला शिकवणारे, तांडेल सर कपाटातून साड्यांच्या घड्या काढतात आणि एकेका मशिनवर बेतानं पांघरतात. सकाळी तेच उलट. साडी काढायची, घडी घालायची, मग समोर उभं राहून म्हणायचं, "गुड मॉर्निंग, आय. गुड मॉर्निंग, आत्या. गुड मॉर्निंग, शेवंता." शेवंताला जरा हळू आवाजात.

एकदा तपासणीला साहेब आले. "हे काय आहे?" म्हणाले.

"धूळ बसते, साहेब. कव्हरांची मागणी केलेली हाय. ती येईस्तवर साडी."

ती मागणी मी इथे शिकायला होते तेव्हाची. आता मी सरांच्याच ट्रेडला निदेशक आहे, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते, आणि कव्हरं अजून वाटेतच आहेत.

सर कळव्याच्या खाडीकाठचे कोळी. घरची होडी होती, पण पाण्यात गेलं की यांना उलट्या व्हायच्या, म्हणून बापानं कंटाळून आयटीआयला घातलं, असं ते स्वतःच सांगतात. विद्यार्थ्यांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. जो जिथून येतो ते त्याचं नाव. मी डोंबिवली. लग्न होऊन कल्याणला गेले तरी डोंबिवलीच.

ओरडणं त्यांना जमत नाही. एक टिटवाळा होता, केसांना जेल वगैरे लावून यायचा. त्यानं जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडायच्या चकात चावी तशीच विसरून मशिन चालू करायला हात घातला. चावी उडून कुणाचा तरी डोळा गेला असता. सरांनी स्विच बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "आत्याची माफी माग." आख्ख्या बॅचसमोर त्या हिरोनं लेथला हात जोडले. पुन्हा कधी चावी विसरला नाही.

आणि सगळ्यावर उत्तर एकच: "आधी हात बसू दे." कुणी मोठा जॉब मागितला, कुणी नोकरीचं विचारलं, हेच. माझं लग्न ठरल्याचे पेढे दिले तेव्हासुद्धा सवयीनं तेच म्हणाले आणि मग स्वतःच लाजले. माझा नवरा अजून चिडवतो मला त्यावरून.

मी आले तेव्हा ट्रेडला मुलगी म्हणून एकटीच होते. घरी मावशा, काकवा सगळ्यांनी तोंडं वाकडी केलेली. त्यात माझी उंची ही अशी. हँडलपर्यंत हात पोचायचा, पण जोर लागायचा नाही. पहिल्या आठवड्यात मी सोडायचंच ठरवलेलं. सरांना तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवशी शेवंतापुढे एक लाकडी फळी ठोकलेली होती. "इथं उभी राहा. ही बाय शांत हाय, सांभाळून घेते." आज माझं घर चालतं ते त्या फळीमुळे, हे मी कुणालाही सांगते.

नोकरी लागल्यावर नमस्काराला त्यांच्या घरी गेलेले. सरांनी स्वतः चहा केला. भिंतीवर हार घातलेले तीन फोटो होते. आई, आत्या, आणि हिरव्या साडीतली बायको. ती हिरवी साडी मी दोन वर्षं रोज शेवंतावर पाहिलेली. मी चहा संपवला, कप विसळला आणि निघाले. विचारायचं काय राहिलं होतं?

मग अलीकडे सरकारनं आयटीआय सुधारायचं मनावर घेतलं. निधी आला, एका कंपनीशी करार झाला आणि कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी मशिन्स आली. जुन्या दारातून ती आत जाईनात, आणि निधी मशिनसाठी होता, दार मोठं करायला नव्हता, त्यामुळे ती पेट्यांतच बाहेर पत्र्याखाली बसली, तो भाग वेगळा. पण आली हे बरंच झालं. कंपनीच्या गेटवर आमच्या पोरांना पहिलं हेच विचारतात, सीएनसी येतं का? त्याचं ट्रेनिंग कंपनीत जाऊन मीच घेऊन आले.

शेवटी भिंत फोडून ती नव्या खोलीत आणली, एसी लागला. मशिनला एसी आणि प्राचार्यांना कुरकुरणारा पंखा. आणखी मशिन्सना जागा करायची म्हणून जुने लेथ भंगारात काढायचा आदेशही आला. पाया शिकवायला फक्त एक ठेवा म्हणाले, आणि कुठला ते सरांनी ठरवायचं.

मला काळजी वाटत नव्हती. शेवंता राहणार. मशिन म्हणूनही तीच सगळ्यात चांगली.

"आत्या ठेवा," सर म्हणाले.

आत्याचं हँडल ढिलं, आवाज भसाडा. मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, अहो, शेवंता?"

"तिच्यावर कुणालाबी जमतं गो. आत्या नाठाळ. हिच्यावर हात बसला की पोरं कुठंबी अडायची नाय."

"तुम्हाला चालेल?"

"शिकायचं कुणाला हाय? मना का पोरांना?"

ट्रक आला त्या दिवशी त्यांनी शेवंताला नेहमीसारखं पुसलं, तेल दिलं. भंगारवाला हसत होता. मला रडू आवरेना, मी स्टोअरमध्ये जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नव्या खोलीत गेले तर दाराबाहेर सरांच्या चपला. आत सर सीएनसीवर हिरवी साडी पांघरत होते.

"सर, इथे धूळ नाही येत," मी म्हटलं.

"ठाव हाय." त्यांनी पदर सारखा केला. "घरी नेलेली काल. घरी कोण हाय तिला बघायला? हितं पोरं तरी असतात."

सरांनी कोपऱ्यातलं विद्यार्थ्यांचं स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसले.

"चल डोंबिवली, शिकव आता. माझा हात बसंल ना गो हिच्यावर?"

"बसेल, सर," मी म्हटलं. "आधी हिला गुड मॉर्निंग म्हणा."

ते उठले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुड मॉर्निंग, शेवंता."