सिद्रामआप्पांची टेकडी

सिद्रामआप्पा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे, आधी गुडघ्यांकडं. लग्न होऊन मी येडशीला आले आणि त्यांच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला. म्हणाले, "झकास वाकत्यात! सूनबाईला टेकडीवर आणा."

निजामाच्या अमलातली गोष्ट. माझे यजमान स्टेशनात कारकून. आप्पा आमचे शेजारी, मूळचे मुरुमचे, एकटेच राहायचे. तरुणपणी कुण्या गोऱ्या साहेबाची नोकरी करत कश्मीरला राहून आलेले. तिथं साहेबलोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचे. तेच खूळ त्यांनी इथं आणलं. "आपल्याकडं बर्फ न्हाय, पर कुसळी गवत हाय की!"

दिवाळीनंतर गवत वाळलं की स्टेशनामागच्या टेकडीचा एक उतार ते ओंडका फिरवून गुळगुळीत करायचे. आंब्याच्या फळ्यांना एरंडेल चोळायचे. खाली भुश्शाचा भलामोठा ढीग. "हे आपलं टेसन. समद्या गाड्या हितंच थांबत्यात."

जुम्म्याच्या सुटीला घरंच्या घरं टेकडीवर लोटायची. एकदा तालुक्याचे पेशकारसाहेब आले. आप्पांनी त्यांनाही दरडावलं, "साहेब, हुकूम कचेरीत. हितं गुडघं वाकवा!" साहेब ताठच राहिले. भुश्शातून आधी त्यांची टोपी सापडली, मग साहेब.

माझी पाळी आली तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले. आप्पांनी "जा" म्हटलं, आणि पुढचं मला आजही नीट सांगता येत नाही. कानात वारा शिरला, गवत सळसळत मागं पळालं, आभाळ एवढं मोठं झालं की किंचाळायचंही राहून गेलं.

धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "आप्पा, आता तुम्ही दाखवा. कश्मीरची चाल बघू द्या."

आप्पा फळी पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्या कधी घसरलोच न्हाय, सूनबाई. म्या साहेबलोकांच्या फळ्या खांद्यावर घिऊन वर चढायचो. दिसातून आठ-धा डाव. उतरायचो पायीच. नोकरानं फळीवर पाय ठिवायचा न्हाय, असा कायदा."

अख्ख्या गावाला घसरायला शिकवलं ते या माणसानं, नुसतं बघून!

यजमानांनी आप्पांच्या पायांना फळ्या बांधल्या. आप्पांनी एकदा आमच्याकडं पाहिलं आणि निघाले. ते पडले नाहीत, डगमगले नाहीत. पांढरं धोतर फडफडत घारीसारखे सरळ खाली गेले आणि भुश्शात बसले. उठेचनात.

आम्ही धावलो. "लागलं का, आप्पा?"

डोळे पुसत ते वर बघत होते. म्हणाले, "उतरताना एवढुसाच असतो व्हय गं डोंगर? तिथं चढताना तर सरायचाच न्हाय."