सोफा बघायला आलेली माणसं

रविवारी संध्याकाळच्या आत सोफा घराबाहेर जायलाच हवा होता, आणि सोफा जागचा हलायला तयार नव्हता.

संध्याकाळी आप्पा राहायला येणार होते. आप्पा म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून एकटेच राहत होते. मध्यंतरी बाथरूममध्ये पाय घसरून पडले, तेव्हा तिने आणि दादाने हातापाया पडून त्यांना कबूल करवलं, तेही एका अटीवर. "माझी अडचण होतेय असं दिसलं, तर आल्या पावली परत जाईन. मग मला थांबवायचं नाही." आप्पा अडचण शोधायलाच येणार, हे ती ओळखून होती. बाहेरच्या खोलीत एक तर सोफा मावला असता, नाहीतर आप्पांची कॉट. दोन्ही दाटीवाटीने बसवलेलं दिसलं असतं, की आप्पांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नसती. मग पुन्हा ते एकटं घर आणि पुन्हा इकडे तिच्या जिवाला घोर.

सोफ्याची जाहिरात मोबाइलवर टाकून बरेच दिवस झाले होते. "आहे का अजून?" असं विचारणाऱ्यांना तोटा नव्हता. आहे म्हटलं की ही माणसं अंतर्धान पावत. त्यातले जरा बरे वाटले त्यांचे नंबर तिने मोबाइलमध्ये ठेवले होते, त्यांच्या गुणांनुसार. "सोफा निघालोय" हे गृहस्थ चार वेळा घरून निघाले होते आणि एकदाही पोचले नव्हते. "सोफा यांना विचारते" या बाईंच्या यांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. "सोफा टेंपो" याच्याकडे स्वतःचा टेंपो होता, पण उचलायला माणसं नव्हती.

"दुसऱ्या मजल्यावरून मी एकटा कसा उतरवू, ताई? तुमचे मिस्टर हात लावतील का?"

तिने मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टर आपली कंबर धरून आत गेले.

ती दाताच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटा देण्याचं काम करायची. तिथे एकाच वेळेला तिघांना बोलवायची तिची पद्धत होती. एकाचा दात ऐन वेळी दुखायचा थांबतो, एक विसरतो आणि एक येतो. डॉक्टरांची खुर्ची कधी रिकामी राहत नसे, आणि याचं श्रेय ती कुणाला देत नसे. शनिवारी दमून घरी आल्यावर तिला वाटलं, हेच इथे का करू नये? तिने तिघांना फोन लावले, अगदी दवाखान्यातल्या आवाजात.

"उद्या पाचची वेळ दिलीय तुम्हाला. चुकवलीत तर पुढची लवकर मिळणार नाही."

हा आवाज सोफ्यासाठी प्रथमच वापरला जात होता. शिवाय दवाखान्याची वेळ माणसं भीतीपोटी चुकवतात, सोफ्याला कुणी भीत नाही, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

पाचला बेल वाजली आणि मग ती वाजतच राहिली. निघालोय गृहस्थ आले, सोबत मेव्हणा. बाई आल्या, त्यांचे हे आले आणि बाईंच्या सासूबाईही आल्या. टेंपोवाला आला. त्याच्या मागोमाग कॉट घेऊन दुकानाचे दोन हमाल आले आणि कॉट दारातच आडवी टाकून "कुठे लावायची?" म्हणून उभे राहिले.

"मला पाचची वेळ दिली होती," गृहस्थ म्हणाले.

"आम्हालाही पाचचीच," बाई म्हणाल्या.

"ताई, हे बरं नाही," टेंपोवाला म्हणाला.

तिची मान शरमेने खाली गेली. दवाखान्यात लोक दुखऱ्या दातांनी तासन् तास बसून राहत, पण असं तोंडावर कधी कुणी बोललं नव्हतं. मिस्टर सर्वांना पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले ते तिकडचेच झाले.

सासूबाईंनी सोफ्यावर बसून पाहिलं आणि त्या उठेनात. गृहस्थ दुसऱ्या टोकाला बसले, हक्क सांगितल्यासारखे. मधल्या जागेवरून बाईंचे हे आणि मेव्हणा यांच्यात शब्दाला शब्द वाढत होता. एवढ्यात कॉटवरून पलीकडे पाय टाकत कुणीतरी आत आलं. आप्पा होते! दादाने त्यांना वेळेआधीच आणून सोडलं होतं आणि तो गाडी लावायला गेला होता.

तिला वाटलं, संपलं सगळं. आता आप्पा आल्या पावली फिरणार.

आप्पांनी खोलीवर नजर फिरवली आणि मधल्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

"काय चाललंय?" त्यांनी गृहस्थांना विचारलं.

गृहस्थांनी सांगितलं. मग बाईंनी सांगितलं. आप्पांनी दोन्ही बाजू ऐकल्या. कुणाचं घर केवढं, दार किती रुंद, घरात माणसं किती, सगळं विचारलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर ते म्हणाले, "एवढ्या खोल सोफ्यातून तुम्हाला रोज उठवायला माणूस ठेवावा लागेल." सासूबाईंना पटलं. गृहस्थांचं दार अरुंद निघालं. राहिला टेंपोवाला.

"पण माणसं नाहीत ना, आजोबा."

"नाहीत कशी?" आप्पा उठले. "ही काय आहेत!"

भांडणारे दोघं, गृहस्थ, दोन हमाल, नुकताच वर आलेला दादा, सगळे सोफ्याला भिडले. आप्पा जिन्यात उभे राहून "डावीकडे घ्या, आणखी डावीकडे" ओरडत होते. सोफा टेंपोत चढला, कॉट आत लागली. मग सगळी मंडळी चहा पिऊन रात्रीच्या जेवणापर्यंत बसली. आप्पांनी परत जाण्याचा विषय काढला नाही. तिला इतका आनंद झाला, की कपबशा विसळताना डोळे भरून आले.

पुढच्या गुरुवारी ती दवाखान्यातून थकून परतली, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत कॉटवर आप्पा, भोवती सहा अनोळखी माणसं, आणि सगळ्यांचे चेहरे तिच्या फ्रिजकडे. आप्पा कॉटवरूनच हात लांबवून फ्रिजचं दार उघडत त्याचे दोष सांगत होते.

तिने त्यांना हाताला धरून आत नेलं.

"आप्पा, फ्रिज विकायचा नाहीये आपल्याला!"

"विकतोय कोण? काल वॉशिंग मशीनही नाही विकलं. माणसं येतात, बसतात, बोलतात. मग मी सांगतो, यात काही राम नाही, नका घेऊ. दुवा देत जातात."

"जाहिरात कुणी टाकली?"

"जावईबापूंनी. माझ्या डोळ्यांना ती अक्षरं दिसत नाहीत."

मिस्टर कंबर धरून गॅलरीत गेले. ती तिथेच स्टुलावर बसली. बाहेर सहाजण चहाची वाट बघत होते.

"हे असं रोज चालायचं नाही, आप्पा. अडचण होते हो घरात!"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. अट तिला शब्दन् शब्द पाठ होती.

आप्पांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

"होत असेल," ते म्हणाले. "पण आता कसा जाऊ? शनिवारी कपाटासाठी आठ जणांना वेळ दिलीय मी."

आणि ते बाहेर गेले.