कुंदामावशींची साक्षीदार

कुंदामावशी स्वतःच्या झाडाची जास्वंद तोडतानासुद्धा साक्षीदार बोलावतात.

आमच्या खिडकीखाली येऊन हाक मारतात, "मधू, बघत्येस ना गो? दोनच घेत्ये. तांबडी." मी आतून "हो" म्हणते. मग त्या फुलं परडीत टाकतात आणि घरात जातात. झाड त्यांचं, परडी त्यांची, देव त्यांचे. माझं काम फक्त बघण्याचं.

दुसऱ्याच्या परसातलं काही घ्यायचं असेल तर विचारूच नका. समोरच्या काकू "कढीलिंब हवा तेवढा ने" असं सांगून थकल्या. मावशी दर वेळी त्यांच्याकडून नव्याने वदवून घेतात, मला ऐकायला लावतात, आणि मगच डहाळीला हात लावतात.

"काय म्हणाल्या गो काकू?"

"ने म्हणाल्या."

"हां. लक्षात ठेव."

या कामावर माझी नेमणूक झाली कारण मी फारसं बोलत नाही आणि बहुतेक वेळ खिडकीपाशी असते. मावशींच्या मते साक्षीदार असाच हवा. बडबड्या माणसाची साक्ष कोर्टात टिकत नाही म्हणे. पंच, फिर्यादी, मुद्देमाल हे शब्द मला इंग्रजी शाळेत कोणी शिकवले नाहीत. ते मी मावशींकडून शिकले, बहुतेक वेळा कढीलिंबाच्या संदर्भात.

यामागची हकिगत मावशी आळीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगतात. लपवत काहीच नाहीत.

लग्न होऊन त्या गावी राहत होत्या. काका मुंबईला नोकरीला, घरात मावशी एकट्या. शेजारचं घर चुलत दिरांचं, म्हणजे तात्याभावोजींचं. दोन्ही घरांच्या मधल्या दगडी गडग्यावरून तेव्हा वाद चालू होता. तात्यांच्या बाजूला बरक्या फणसाचं झाड होतं, पण त्याची एक फांदी गडगा ओलांडून मावशींच्या पडवीवर वाकलेली. एका सकाळी तात्यांची बायको गडग्यापलीकडून म्हणाली, "काढ गो त्यातला एक, पिकून पडायला झालाय." मावशींनी काढला. जाऊबाई दुपारच्या गाडीने माहेरी गेल्या. मावशींनी फणसाच्या रसात कणी घालून सांदणं वाफवली आणि रीतीप्रमाणे शेजारी ताटली पाठवली. तात्यांनी सांदणं खाल्ली, हात धुतले आणि मग झाडाकडे बघितलं.

"खाऊन मग तक्रार," मावशी म्हणतात. "उपाशीपोटी केली असती तर मी समजून घेतलं असतं."

पोलीस आले. फणस शिल्लक नव्हता, म्हणून पंचनाम्यात आठळ्या, म्हणजे त्याच्या बिया, जप्त झाल्या. जाऊबाईंनी काढायला सांगितलं, हे मावशी परोपरीने सांगत राहिल्या. पण ते ऐकणारं तिसरं कोणी नव्हतं. "कोणी बघितलं?" असं हवालदाराने विचारलं तेव्हा मावशींकडे उत्तर नव्हतं. मला वाटतं, त्या सवालाला त्या आजपर्यंत उत्तर देतायत.

जाऊबाई माहेराहून परतल्या आणि तात्यांना खरं कळलं. ते दोन दिवस जेवले नाहीत असं मावशी सांगतात, पण सांदणांबद्दलच्या रागामुळे त्या हे वाढवून सांगत असाव्यात. मग गावच्या रीतीने निवाडा झाला. ग्रामदेवतेसमोर दोघांनी नारळ ठेवले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटले, खोबरं सगळ्यांनी खाल्लं. देवासमोर मिटलं ते कायमचं मिटलं. पोलिसांना जाऊन सांगायचं असतं, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पोलीस काही गावचे नव्हेत.

पुढे काका गेले. मूलबाळ नव्हतं. मावशी गावचं घर बंद करून रत्नागिरीत आमच्या आळीत भाड्याने राहायला आल्या. तात्या दर उन्हाळ्यात त्याच झाडाचा फणस पोत्यात बांधून एसटीने पाठवतात. मावशी मला बोलावून पोतं सोडतात. "फिर्यादीने स्वतः पाठवलाय. बघून ठेव."

मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथल्या बसमध्ये मावशी पोरांना सांभाळायला बसतात. पोरं त्यांना बसमावशी म्हणतात. त्यांच्या बसमध्ये भांडणं होत नाहीत, कारण कोणी कोणाची वस्तू साक्षीदाराशिवाय घेतच नाही. "मी हिचा खोडरबर घेतोय, तू बघ," असं पहिलीतला मुलगा तिसऱ्याच पोराला गंभीरपणे सांगताना मी ऐकलंय. त्या तिसऱ्याने "येस" म्हटलं. मावशींनी त्याला "हो म्हण" म्हणून सुधारलं.

यंदा नियम आला. बसमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी. मावशी खुशीत होत्या. नवी साडी नेसून फोटो काढून आल्या. "करू देत चौकशी. माझ्यासारखं चारित्र्य त्यांना चिपळूणपर्यंत सापडायचं नाही."

उत्तर आलं. चोरीचा गुन्हा दाखल, खटला प्रलंबित. समन्स गावच्या बंद घरावर गेलं असणार आणि तिथूनच परतलं असणार.

आमच्या मुख्याध्यापिका वाईट नाहीत. त्यांनी दोनदा वाचलं, मला फणसाची हकिगत विचारली, हसल्यादेखील. मग चष्मा काढला. "पण निकाल लागेपर्यंत त्यांना मुलांबरोबर बसवता येणार नाही. उद्या एखाद्या पालकाने विचारलं तर मी काय, सांदणं सांगू? तू शेजारी राहतेस. तूच सांग त्यांना."

मी संध्याकाळी गेले. मावशी अंगणात आमसुलं वेचत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वेचत राहिल्या.

"ते मिटलंय गो."

"पोलिसांकडे नाही मिटलं, मावशी. खटला चालूच आहे. तात्यांनी कोर्टात येऊन मिटलं म्हणून सांगितलं की संपेल. लोकअदालतीत अशी प्रकरणं घेतात. मी विचारून आले."

"मी नाही जायची."

"का?"

"देवासमोर मिटवलेलं परत कोर्टात मिटवायचं म्हणजे काय? तेव्हाचं खोटं होतं? आणि भावोजींना या वयात पिंजऱ्यात उभं करू? गुडघे गेलेत त्यांचे."

मी घरी आले.

शाळा उघडली. बसमध्ये दुसरी बाई बसायला लागली. सवयीने ड्रायव्हर आमच्या आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा. मावशी तोवर अंघोळ, पूजा उरकून, इस्त्रीची साडी नेसून फाटकात उभ्या असायच्या. बस पुढे गेली की आत यायच्या.

आणि त्या दिवसांत माझं काम फार वाढलं.

"मधू, पंप बंद केला हो."

"मधू, लोणच्याची बरणी आत घेत्ये. झाकण लावलं, बघ."

"मधू, फाटकाला कडी घातली."

यात चोरीला जाण्यासारखं काहीच नव्हतं. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते. एका दिवशी मी ऑफिसातून उशिरा आले तर त्या पायरीवरच बसलेल्या. म्हणाल्या, "दिवा लावायचा होता. तू नव्हतीस." घरात अंधार होता.

मी तिथेच पायरीवर बसले. मला मोठी वाक्यं बोलता येत नाहीत. तरी बोलले.

"मावशी, देवळात मिटलं तेव्हा कोर्टाचं कोणी बघायला होतं?"

"कोर्टाचं कशाला असेल?"

"म्हणजे त्यांच्याकडे साक्षीदार नाही. त्यांना कळणार कसं? देवाचं खोटं नाही पडत. फक्त कोर्टाने ते बघितलेलं नाही."

मावशी आत गेल्या, दिवा लावला, आणि आतूनच म्हणाल्या, "भावोजींना फोन लाव. माझ्याच्याने बोलवणार नाही."

मी लावला. तात्यांना सगळं नीट ऐकू येत नव्हतं, पण वहिनींची नोकरी गेली एवढं कळलं. "माझ्यामुळे?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "सांग, येतो. गुडघ्याचं मी बघतो."

लोकअदालतीच्या दिवशी तात्या पुतण्याचा हात धरून आले. बरोबर पोतं. झाडावरचा शेवटचा फणस होता. दारावरच्या शिपायाने पोतं अडवलं. मावशी हळूच म्हणाल्या, "बाहेरच ठेवा भावोजी. नसतं लचांड."

न्यायाधीश बाई तरुण होत्या. कागद वाचताना त्यांनी ओठ दाबून धरले होते.

"तुम्हीच तक्रारदार? फणस चोरीला गेला होता?"

"तेव्हा गेला होता," तात्या म्हणाले. "आता नाही."

"म्हणजे?"

"आमच्या हिने काढायला सांगितलेला. मला माहीत नव्हतं. आणि साहेब, मुद्देमाल मीपण खाल्ला. सात सांदणं."

"नऊ," मावशी म्हणाल्या.

तात्यांनी मावशींकडे बघून हात जोडले. देवळात जोडले होते तसेच असावेत, कारण मावशींनी लगेच मान फिरवली आणि पदर डोळ्यांना लावला. तडजोड लिहून झाली, सह्या झाल्या, प्रकरण निकाली निघालं. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय, आजी?"

"आठळ्या परत मिळाल्या नाहीत," मावशी म्हणाल्या.

निकालाची प्रत शाळेत जमा झाली आणि मुख्याध्यापिकांनी मावशींना कामावर बोलावलं. पहिल्या दिवशी बस आळीच्या तोंडाशी थांबली तेव्हा आतून इतका आरडाओरडा झाला, की समोरच्या काकू बाहेर येऊन बघायला लागल्या.

मला वाटलं, आता माझी साक्षीदाराची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी खिडकीखाली हाक आली.

"मधू, बघत्येस ना? दार लावत्ये."

मी खाली गेले. "मावशी, केस संपली. आता साक्षीदार कशाला?"

मावशी कडी वर-खाली करत राहिल्या. "केससाठी होतं ते पहिली काही वर्षं," त्या म्हणाल्या. "आता आपलं... दिवसाकाठी कोणीतरी हो म्हटलेलं बरं असतं."

मग बोलून गेल्याचं अवघड वाटलं असावं. दार लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशी जास्वंदीपाशी आल्या, तोवर मी खिडकीतच उभी होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी हाक मारली. आमच्या आळीत माझा आवाज फारसा कोणी ऐकलेला नाही, मलाही तो अनोळखी वाटला.

"मावशी, मी चहा ठेवत्ये. दोन कप. बघताय ना?"

त्यांनी परडी खाली ठेवली, कपाळावर हात आडवा धरून माझ्या खिडकीकडे नीट बघितलं.

"हो," म्हणाल्या.