तारांबळीचा अधिकृत सूर

रविवारी सकाळी निरीक्षक गिटार मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेवर बसले होते, तेवढ्यात बेकरीवाल्याचा निरोप आला.

"सर, बायकोचा पियानो बिघडलाय. आपल्या सुराशी जुळतच नाही. काय करू?"

निरीक्षकांनी उभ्या जन्मात पियानोला हात लावला नव्हता. पण प्रश्नात 'सर' असलं की त्यांना उत्तर सुचायचंच. त्यांनी लिहिलं, "जुन्या पियानोच्या तारा सैल पडतात. वयोमानानुसार व्हायचंच."

"पण सर, तो आपल्यापेक्षा वर लागतोय."

निरीक्षकांनी क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं. "मग आखडल्या असतील," असं त्यांनी ठोकून दिलं, आणि त्याखाली बेकरीवाल्याचा अंगठा उमटल्यावर समाधानाने मोबाइल उशीवर टाकला.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा आणि काटा तसूभर जरी कलला तरी दुकानदाराला घाम फोडायचा, हे काम ते बावीस वर्षं करत होते. गिटार मात्र त्यांच्या हातात आली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. तीन वर्षं शिकूनही बोटं सांगितलेल्या जागी वेळेवर पोचेनात. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की, आपल्याला येत नाही हे झाकायचं तर दुसऱ्यांना शिकवायला लागणं उत्तम. त्यांनी गिटार शिकणाऱ्यांसाठी एक ऑनलाइन गट काढला आणि त्याला नाव दिलं 'तारांबळ'. सगळं मोफत. अकरा माणसांची शंभर झाली, शंभराची तेराशे. फुकट असल्यामुळे तक्रार करायला कोणी धजावत नसे, हा आणखी एक फायदा.

गटाचा पहिला नियम कडक होता. मोबाइलमधल्या सूर दाखवणाऱ्या यंत्रावर गिटार लावायची नाही, कान तयार करायचा. त्यासाठी निरीक्षकांनी सहा तारांचे सहा आवाज रेकॉर्ड करून 'अधिकृत सूर' या नावाने गटावर टाकले होते. रोज आधी ते ऐकायचे, तारा जुळवायच्या, मगच सराव. हे आवाज रेकॉर्ड करताना निरीक्षकांनी स्वतः यंत्रच वापरलं होतं, पण गुरूची गोष्ट वेगळी.

बेकरीवाल्याच्या पियानोनंतर तीनच दिवसांनी एका नर्सने कळवलं की तिच्या भावाची बासरी खोटी निघाली. मग एका वकिलाचा कीबोर्ड बिघडला. एका टॅक्सीवाल्याचा माउथऑर्गन तर इतका बेसूर निघाला म्हणे, की त्याने तो रागाने कचऱ्यात टाकला. आठवडाभरात सात घरांतली सात वाद्यं नादुरुस्त ठरली. निरीक्षकांमधला सरकारी अधिकारी जागा झाला. 'बाजारातील वाद्यांचा घसरता दर्जा' या विषयावर त्यांनी गटावर दोन पानी लेख लिहिला. त्याला चारशे अंगठे मिळाले.

त्याच संध्याकाळी बेकरीवाल्याचा फोन आला. मागे ताटांचा खणखणाट ऐकू येत होता.

"सर, जरा अडचण झालीय. ही बोलत नाहीये माझ्याशी."

"का बरं?"

"पियानो तिच्या वडिलांचा. ते गेले तेव्हा तेवढाच घेऊन आली होती माहेराहून. मी तुमचा लेख वाचून दाखवला आणि म्हटलं, सरांच्या मते हा पियानो गेला. तर तिने त्याच्यावर चादर टाकली. म्हणजे अगदी पायापर्यंत. मेलेल्या माणसावर टाकतात तशी."

"होईल शांत."

"सर, मी गिटार शिकायला घेतली ती तिच्याबरोबर वाजवता यावं म्हणून. वीस वर्षांत आमचं एकत्र असं काहीच झालं नाही. मी पहाटे पिठात, ती दिवसभर गल्ल्यावर."

फोन ठेवल्यावर निरीक्षकांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते कार्यालयाजवळच्या वाद्यांच्या दुकानात शिरले. मनात आलं होतं की एकदा पुराव्यानिशी या लोकांना पकडावं. काउंटरवर ओळीने पाच कीबोर्ड मांडलेले होते. निरीक्षकांनी मोबाइलवर अधिकृत सूर लावला आणि पहिल्या कीबोर्डची पट्टी दाबली. खोटा. दुसरा दाबला, खोटा. तिसरा, चौथा, पाचवाही. पाचही खोटे, आणि पाचही अगदी सारखेच खोटे.

निरीक्षकांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं. नव्या भरती झालेल्या पोरांना ते वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवत आले होते. पाच काटे एकाच बाजूला, एकाच मापाने कललेले दिसले तर काट्यांना दोष द्यायचा नाही, आपल्या पिशवीतलं वजन तपासायचं.

"काही दाखवू का, साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"नको," निरीक्षक म्हणाले. "दिसलं."

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी मोबाइलमधलं ते यंत्र उघडलं, आणि आठ महिन्यांपूर्वीचा तो दिवस लख्ख आठवला. सगळ्यात बारीक तार पिळताना ती तुटून डोळ्यात जाईल अशी त्यांना भयंकर भीती होती. म्हणून त्यांनी स्कूटरचं हेल्मेट घातलं होतं. बायको कपड्यांच्या घड्या ठेवायला खोलीत आली आणि दारातच थांबली होती.

"अहो, निघालात कुठे?"

"तार लावतोय."

"गिटारीलाच ना?"

एवढ्यात पडद्यावर हिरवा दिवा लागला होता. तारेच्या सुराचं इंग्रजी अक्षर आलं होतं आणि त्याला चिकटून इंग्रजीतल्या छोट्या 'बी'सारखं एक चिन्ह. बी म्हणजे बरोबर, असा निरीक्षकांनी अर्थ लावला आणि सुटकेचा श्वास टाकून हेल्मेट काढलं. मग उरलेल्या पाच ताराही त्यांनी बी येईपर्यंतच पिळल्या. आता बाकावर बसून त्यांनी त्या चिन्हाचा अर्थ शोधला. तो होता 'अर्धा सूर खाली'.

म्हणजे तेराशे माणसं आठ महिने त्यांच्या भीतीच्या बरोबरीने आपापल्या तारा सैल सोडत होती.

"सांगून टाका ना," संध्याकाळी बायको म्हणाली. "चुकलं म्हणायचं. चार शब्दांचं काम."

"तेराशे लोक आहेत. माझ्या मागे काय बोलतील?"

"तुमच्या पुढ्यात येऊन बोलतील. फुकट आहात ना तुम्ही."

निरीक्षकांनी शहाणपणाचा मार्ग निवडला, म्हणजे गुपचूप काम उरकण्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी नवीन आवाज रेकॉर्ड केले, जुने काढून त्या जागी ठेवले आणि कोणाला काही कळणार नाही अशा समजुतीने फायली तपासायला घेतल्या.

चार वाजेपर्यंत गटात रण माजलं होतं. काहींनी नव्या आवाजावर तारा लावल्या होत्या, काहींच्या जुन्याच होत्या, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना बहिरं म्हणत होती. नऊ जणांच्या तारा तुटल्या. गटाची शिस्त सांभाळायला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा फोन आला.

"सर, घाबरू नका. मी बघितलंय सगळं."

"काय बघितलंत?" निरीक्षक उभे राहिले.

"कोणीतरी आपला गट हॅक केलाय. तुमचा सूर काढून दुसराच कुठलातरी बसवलाय. मी एका सेकंदात ओळखला. आठ महिने कान तयार केलाय तुम्ही आमचा, फसतोय होय! माझ्याकडे जुना होता, तो परत चढवला. आणि नव्या सुराची बाजू घेणाऱ्या पंधरा जणांना समज दिली."

"अहो, पण त्या पंधरा जणांचं..."

"त्यांची काळजी नको. माफी मागितली त्यांनी."

सत्य सांगायची ती वेळ होती. निरीक्षकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आभारी आहे."

शनिवारी गटाचा पहिला मेळावा होता. वाचनालयाचं सभागृह मुख्याध्यापिकांनी मिळवलं होतं. निरीक्षकांनी तापाचं निमित्त काढून पाहिलं, पण बायकोने थर्मामीटर आणून हातात दिला. शेवटी ते गेले. जाताना एवढंच केलं की स्वतःची गिटार खऱ्या सुरात लावून घेतली. निदान आपण तरी आता खोटं वाजवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. तेराशेंसमोर खरं बोलण्यापेक्षा हे खूपच सोपं होतं.

सभागृहात एकतीस जण अर्धगोलात बसले होते. कोपऱ्यात वाचनालयाचा पियानो होता, आणि त्याच्यासमोर एक बाई पाठ ताठ करून बसल्या होत्या. बेकरीवाला लगबगीने निरीक्षकांकडे आला. "ही माझी मिसेस. म्हणाली, तुमचे सर कोण ते एकदा बघायचंच आहे."

बाईंनी मान वळवली. "आमचा पियानो बिघडलाय म्हणता. हाही बिघडलाय का?"

"हो, हाही!" मुख्याध्यापिकाच मधे बोलल्या. "मघाशी आम्ही सगळ्यांनी ताडून बघितला. म्हणून तर या काकांना बोलावून घेतलंय."

पियानो लावणारे एक म्हातारे गृहस्थ अवजारांची पिशवी पायाशी ठेवून उभे होते. त्यांनी खिशातून सूर तपासायचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि म्हणाले, "पियानो ठीक आहे, बाई."

"एकतीस जण चुकतात आणि तुम्ही एकटे बरोबर?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"असं होतं कधीकधी."

"आम्ही यंत्रावर विसंबत नाही. आमचा कान तयार आहे. तुम्ही उतरवा तो खाली."

म्हाताऱ्याने एकतीस गिटारींकडे पाहिलं, उसासा टाकला आणि पियानोचं झाकण उचललं. "सव्वादोनशे तारा आहेत. तुम्ही म्हणता तर उतरवतो. पण एकदा सैल केला की तो पूर्वीसारखा लागायला वर्ष जाईल."

बेकरीवाल्याच्या बायकोने पियानोच्या कडेवर हात ठेवला. नुसता हात ठेवला, ढकलायला आलेल्या माणसाला अडवावं तसा. निरीक्षकांना चादर आठवली.

"थांबा!" ते ओरडले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "पियानो बरोबर आहे. यांच्या घरचाही बरोबर आहे. तुमची बासरी, तुमचा कीबोर्ड, तो कचऱ्यात गेलेला माउथऑर्गन, सगळं बरोबर होतं. मी चुकलो." मग थांबता येईना, म्हणून त्यांनी हेल्मेटपासून 'बी म्हणजे बरोबर'पर्यंत सगळं सांगून टाकलं. हॅक करणारेही आपणच, हेही सांगितलं.

पहिला आवाज निघाला तो टॅक्सीवाल्याचा. "माझ्या आजोबांचा होता हो तो माउथऑर्गन."

"मी शोधायला येतो," निरीक्षक म्हणाले. "कचऱ्यातसुद्धा येतो."

पियानो लावणाऱ्या म्हाताऱ्याने जवळची एक गिटार घेऊन सहाही तारा छेडल्या. त्याच्या भुवया वर गेल्या. "अगदी अर्धा सूर. सहाही तारा, केसाचाही फरक नाही. सगळ्यांच्या अशाच? इतकं काटेकोर चुकलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही."

"सर शिकवतातच तसं मनापासून," बेकरीवाला म्हणाला. त्याची बायको हसली. बेकरीवाल्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू भट्टी न पेटवता पाव फुगला होता.

"आता काय? एकतीस गिटारी परत लावायच्या?" मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं. "निम्म्यांच्या तारा तुटतील."

"कशाला लावायच्या?" बेकरीवाल्याची बायको म्हणाली. "अर्धा सूरच ना? मीच येते खाली. काळ्या पट्ट्या जरा जास्त लागतील, एवढंच. करा सुरू."

तिने सगळ्यांना ठाऊक असलेलं एक जुनं गाणं वाजवायला घेतलं आणि एकतीस गिटारी तिच्यात अशा मिसळल्या की म्हाताऱ्याने निघायला उचललेली पिशवी पुन्हा खाली ठेवली. निरीक्षकही शेवटच्या रांगेत बसून वाजवायला लागले.

मुख्याध्यापिकांनी टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं. "मागे कोणीतरी बेसूर आहे."

एकतीस माना वळल्या. निरीक्षकांनी हात वर केला.

"सर, तुम्ही?"

"माझी खऱ्या सुरात आहे," ते हळूच म्हणाले.

"मग उतरवा की. सगळे तुमच्यासाठी खोळंबलेत."

सगळ्यांच्या देखत निरीक्षकांनी एकेक तार सैल केली. मुख्याध्यापिका कान देऊन सांगत होत्या, अजून, अजून थोडी, हं, पुरे. मग पियानो पुन्हा सुरू झाला. पहिल्या दोन ओळी सुरेख गेल्या, तिसरी त्याहून. निरीक्षकांनी डोळे मिटले. दुकानातल्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरलं होतं.

चौथ्या ओळीला पियानो एकीकडे वळला आणि बत्तीस गिटारी एकदिलाने दुसरीकडे.

बेकरीवाल्याच्या बायकोचा हात अधांतरी थांबला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मुख्याध्यापिका समजूतदारपणे म्हणाल्या, "होतं असं पहिल्यांदा. तुम्ही तिथे चुकलात. आमच्या सरांनी ही ओळ अशीच शिकवलीय."

बाईंनी शेवटच्या रांगेकडे नजर टाकली. निरीक्षक खाली वाकले होते आणि बुटाची नाडी बांधत होते. एका दिवसात एकच कबुली पुरे, असं त्यांचं ठरलं होतं. बूट मात्र बिननाडीचे होते.