अकरा घरांचे तायडेकाका

आमच्या गल्लीतले तायडेकाका रिकाम्या घराची बेल वाजवायचे. आत कोणी नाही हे त्यांना पक्कं माहीत असायचं, कारण त्या घराची चावी त्यांच्याच हातात असायची. तरी बेल वाजवायची, आतल्या माणसाला उठून चप्पल शोधून दारापर्यंत यायला जेवढा वेळ लागेल तेवढं थांबायचं, मग डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं आणि कुलूप काढायचं. मी इथे नवीन होते तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "काका, आत कोण आहे?"

"कोणीच नाई."

"मग बेल?"

"घराले सांगून जा लागते, पोरी. एकदम कायले शिरा लागते? ते बी दचकते."

डावी-उजवीकडे बघण्याचं कारण मला नंतर कळलं. काका तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय त्यांच्याकडून काहीच उघडायचं नाही. घरातलं कपाटसुद्धा ते तसंच उघडायचे, असं आमच्या समोरच्या मंगलाताई सांगतात. मला ते खरं वाटतं.

नांदुऱ्यात रुळांच्या पलीकडे आमचं लेआउट आहे, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती. घरं चांगली, स्लॅबची, पण निम्मी बंद. पोरं पुण्याला, सुरतेला गेली, मग नातवंडं सांभाळायला आईबाप गेले. जाताना प्रत्येकजण चावी तायडेकाकांकडे ठेवून गेला. अशी अकरा घरं. काकांनी फळीला अकरा खिळे मारून चाव्या टांगल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ड्युटी सुरू. प्रत्येक घरात जाऊन ट्यूबलाइट लावायची, पंखा पाच मिनिटं फिरवायचा, नळ सोडायचा, आणि मधल्या खोलीत उभं राहून घराला बातम्या द्यायच्या. मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. "तुह्या मालकाच्या पोरीचं जमलं बरं काय. पोरगा बँकेत हाय. चिंता करू नको." मग लाइट बंद, कुलूप, दोनदा ओढून बघणं आणि "लाइन क्लिअर" म्हणून पुढच्या घराकडे.

मंगलाताई त्यांना चिडवायच्या. "काका, माह्या घराले बी काही सांगा न. आमचे हे ऐकत नाई माह्यं."

"तुह्यं घर भरलेलं हाय, बाई. त्याले काय सांगा लागते?"

मी साताऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग नवरा पोकलेनवर ऑपरेटर म्हणून रस्त्याच्या कामाला इकडे आला आणि मागून मी. त्याचा कॅम्प संग्रामपूरकडे, घरी येणार पंधरा दिवसांनी. आम्हाला भाड्यानं कोणी खोली देईना. काकांनी एका मालकाला सुरतेला फोन लावला आणि माझ्यादेखत म्हणाले, "बाई चांगली हाय. शिलाई करते. लाइन क्लिअर." त्यांनी माझं नावसुद्धा तोपर्यंत विचारलं नव्हतं. पुढे गॅसचा फॉर्म त्यांनी भरला, मिशनीचा पट्टा तुटला तर बाजारातून आणून दिला, ताप आला तर दवाखान्यात नेलं. माझा स्वभाव असा की कुणी काही केलं की मला झोप लागत नाही. आपण या माणसाला फार त्रास देतोय असं वाटत राहतं. त्यामुळे काका काहीही म्हणाले की माझ्या तोंडून आधी "नको काका, नको" येतं. ही सवय मला एवढी महाग पडेल हे ठाऊक नव्हतं.

त्या अकरा घरांत एक घर नव्हतं, गुरुजींचं. माझ्या खोलीला लागूनच. इंगळे गुरुजी म्हणजे काकांचे जुने दोस्त. गुरुजींना लकवा मारला, बोलणं गेलं. पुढची दोन वर्षं काका रोज दुपारी चारला त्यांच्याकडे जाऊन बसायचे म्हणे. मग मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. घर विकायचं मनात होतं, म्हणून काकांकडच्या दोन्ही चाव्या त्यानं परत मागून घेतल्या. हे सगळं मी येण्याआधीचं. मी आल्यापासून काका त्या घरासमोरून जाताना तिकडे मान वळवत नव्हते. मंगलाताई म्हणायच्या, "मनाले लागलं त्याइच्या. चाब्या मांगाले नोको होत्या पोरानं."

आता सखूचं सांगते. सखू माझी मांजर. अस्तराच्या कापडाच्या खोक्यात सापडली तेव्हा मुठीएवढी होती. नवरा पंधरा दिवस नाही, गल्लीतलं बोलणं मला अर्धं कळायचं, माझं ऐकून लोक हसायचे. दिवसभर मी बोलायचे ती फक्त सखूशी. मिशन चालू झाली की ती पायाशी येऊन बसायची.

एप्रिलातल्या एका सोमवारी संध्याकाळी सखू आलीच नाही. मंगळवारी सकाळी भिंतीतून आवाज आला. भिंतीपलीकडे गुरुजींचं स्वयंपाकघर. मी धावत त्यांच्या दाराशी गेले, हाक मारली, तर आतून सखूनं ओ दिली.

गल्ली जमली. खिडक्या आतून बंद, दाराला कुलूप. मंगलाताईंनी गुरुजींच्या मुलाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

"कुलूप तोडायचं नाही," तो म्हणाला. "आत बाबांच्या वस्तू आहेत. मी शनिवारी येतो."

"अरे शनिवारपावतर मरन ना ते," मंगलाताई म्हणाल्या. "काय उन्ह हाय अठी, पाह्य."

"मावशी, चावी माझ्याशिवाय कोणाकडेच नाही. काकांनी दोन्ही परत दिल्यात. विचारा त्यांना."

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. "देल्या," ते म्हणाले.

"पण बंद घरात शिरली कशी?" मंगलाताईंनी विचारलं.

"मोरीतून असन," काका लगेच म्हणाले. "मांजराले हाडं नसल्यावानीच राह्यते."

माझ्याकडे टेप होती. मी मागे जाऊन मोरीचं भोक मोजलं. दीड इंच. सखूचं डोकं त्याच्या दुप्पट होतं. पण मी सातवी नापास, काका शिकलेले, रेल्वेतले. माझंच मोजायचं चुकलं असेल म्हणून टेप गुंडाळून ठेवली.

मग आमचे प्रयत्न सुरू झाले. दाराखालच्या फटीतून मी तांब्यानं पाणी ओतलं. गवंड्यानं उंबऱ्याकडे उतार इतका चोख दिला होता की सगळं पाणी तसंच बाहेर माझ्या पायावर आलं. मंगलाताईंनी ओढणी भिजवून फटीतून आत सरकवली. ती अडकली आणि फाटली. बुधवारी काका अचानक म्हणाले, "तोडा लागत असन तं तोडा कुलूप." गल्ली त्यांच्याकडे बघतच राहिली. "गेट बंद म्हणजे बंद, कलेक्टर आला तरी," असं आयुष्यभर सांगणारा माणूस. पण मुलानं फोनवर पोलिसांचं नाव काढलं होतं, त्यामुळे कुणी हात लावेना. कुलूप तोडा म्हणायला मीही धजले नाही. भाड्याची खोली, परका मुलूख.

मी फक्त गुरुजींच्या ओट्यावर बसून राहिले. दिवसा, आणि रात्रीही तिथेच चटई टाकून. दाराला तोंड लावून सखूशी बोलत होते. आणि काका दर तासाला यायचे.

"पोरी, घरी जाय. दोन घास खाऊन ये. मी बसतो अठी."

"नको काका. तुम्हाला कशाला त्रास."

"मले काई त्रास नाई. आंघोळ करून ये."

"नको काका. आधीच किती करता तुम्ही."

"अर्धा घंटा जाय."

"नको."

"पाच मिनिटं तरी जाय वो." हे म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. एवढी माया, तीही एका मांजरासाठी. मी ठरवलं, या म्हाताऱ्या माणसाला उन्हात अजिबात बसू द्यायचं नाही. आणि आणखी घट्ट बसून राहिले.

बुधवारी संध्याकाळी काकांनी ड्युटी केली, पण अकराही घरांत काही बोलले नाहीत. पंखे फिरले, नळ वाहिले, बातम्या नाहीत.

गुरुवारी सकाळी सखूचा आवाज बारीक झाला, जुन्या बिजागरीसारखा. अकरापर्यंत तोही थांबला. मी दाराला कान लावला. काही नाही. नखानं दार खरवडलं, तसं केलं की ती नेहमी आतून पंजा मारायची. काही नाही. मंगलाताई शेजारी येऊन बसल्या आणि माझी रात्रीची चटई गुंडाळायला लागल्या, त्यावरून मला समजलं.

काका आले. "घरी जाय, पोरी," ते म्हणाले, पण सवयीनं म्हटल्यासारखं.

"आता कशाला जाऊ, काका," मी म्हटलं. "आता घरी कोण आहे?"

ते उभेच राहिले. समोर मंगलाताई, दोन-तीन बाया, गल्लीतले दोघं म्हातारे. भर दुपार. काकांनी कुठल्याच बाजूला बघितलं नाही. सदऱ्याच्या आतल्या बंडीच्या खिशात हात घातला, एक चावी काढली, मला ओट्यावरून हातानंच बाजूला केलं आणि गुरुजींचं कुलूप उघडलं.

मी आत पळाले. सखू स्वयंपाकघरात ओट्याखाली पडली होती. डोळे अर्धे उघडे, जीभ चामड्यासारखी. मी बोट ओलं करून तिच्या तोंडात घातलं. बराच वेळ काही झालं नाही. मग जीभ हलली. पुन्हा बोट, पुन्हा थेंब. दहाव्या की बाराव्या वेळी तिनं माझं बोट चावलं, आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

फरशीवर बसले तेव्हा लक्षात आलं की माझ्या हाताला धूळ लागलेली नाही.

दीड वर्ष बंद असलेलं घर. झाडलेलं, पुसलेलं. मधल्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर. एका खुर्चीवर सोमवारचा पेपर, घडी मोडलेला, त्यावर चष्मा. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर एक टॉवेल, धुतलेला, नीट पसरलेला. लकवा मारलेल्या माणसाच्या तोंडातून लाळ गळते, त्यासाठी ठेवतात तसा.

काका दारातच उभे होते, आत आले नाहीत. हळूच म्हणाले, "सोमवारी माह्या मांगं दार उघडं राह्यलं वाटते. मले दिसली नाई ते. मी पेपर वाचून राह्यलो होतो."

मला सगळं एकदम कळलं. ते तीन दिवस मला उठवत होते. पाच मिनिटं मागत होते. त्या पाच मिनिटांत कुणाला न कळता त्यांनी दार उघडलं असतं, सखू बाहेर आली असती, त्यांची दुपार त्यांच्याकडे राहिली असती. आणि मी उपकार वाढू नयेत म्हणून दारात ठाण मांडून बसले होते.

बाहेर मंगलाताई विचारत होत्या, "चाबी कोठून आली?"

मी सखूला छातीशी धरून बाहेर आले आणि म्हटलं, "ताई, कुलूप मुळात नीट लागलंच नव्हतं..."

"माह्याजोळ होती," काका म्हणाले. मोठ्यानं, फाटकावर म्हणत असतील तसं. "दोन देल्या, तिसरी ठेवली. रोज चारले, गल्ली निजली का येत होतो."

मंगलाताईंना चिडवायला इतकी मोठी संधी कधी मिळाली नसेल, त्यांनी पदरानं तोंड पुसलं फक्त.

शुक्रवारी काकांनी स्वतःच अकरा घरी फोन केले. "माह्याकून अशी अशी चूक झाली. तुमची चाबी कोणाले देऊ?" सात जणांनी नातेवाइकांची नावं सांगितली. चौघं म्हणाले, राहू द्या काका, पण ते अशा आवाजात म्हणाले की काकांनी त्याही पोचवल्या. मी त्यांच्याकडे भाकरी घेऊन गेले होते. माफी मागायची होती. माफी नक्की कशाची मागायची तेच मला सांगता येईना. ते म्हणाले, "मांजर खाते काय आता?" मी हो म्हटलं. "मंग झालं," म्हणाले.

शनिवारी गुरुजींचा मुलगा आला. भांडेल असं वाटलं होतं. तो भांडला नाही, ते जास्त वाईट झालं. "काका, तुम्ही मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं का?" एवढंच बोलला. काकांनी मान हलवली. मग त्यानं पिशवीतून नवं कुलूप काढलं, दारात बसवायचं, आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. काका त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि स्क्रू सांडू नयेत म्हणून स्वतःच्या तळहातावर घेऊन धरले. एकेक देत होते. मी सखूला घेऊन माझ्या दारात उभी होते.

दोन स्क्रू बसले तेव्हा काकांनी विचारलं, "तठी गुरुजीले पेपर वाचून दाखवते काय कोणी?"

"टीव्ही लावलेला असतो ना, काका. दिवसभर."

"हाव," काका म्हणाले. "टीव्ही चांगला हाय."

आणि तिसरा स्क्रू त्याच्या हातात दिला.