अंगठ्याला सुट्टी

साल दोन हजार तेवीस, माझं वय बहात्तर. त्या थंडीत भांडगावात आमच्या आळीच्या नळावर मी सात बापये वळीनं भांडी घासताना बघितले. एकाच्या हातात कढई, एकाच्या हातात तवा, आन् मान वर करायला कुणी तयार न्हाई. मी इचारलं, काय रे, बायका संपावर गेल्या का? त्यातला एकजण खाली बघूनच बोलला, "परवा पैसं काढायचंत आबा. इंदूबाईचा हुकूम हाय."

ही इंदूबाई म्हंजी आमची शेजारीण. पन्नाशी उलटलेली, नवरा जाऊन लई वरसं झाली. एकुलती पोरगी सणसवाडीला कंपनीत पॅकिंगला जाती, तिकडंच खोली करून ऱ्हाती. बाई अंगानं काटकुळी, पण चौदा बायकांची टोळी चालवती. खुरपणी, कांदा लागण, काय बी सांगा, तिची टोळी हजर.

टोळीचे नियम तिचे. मजुरी रोख घ्यायची न्हाई, ज्या त्या बाईच्या खात्यावर टाकायची, आन् यवतला बँकेच्या माणसाकडं अंगठ्याच्या मशीनवर काढायची. एटीएमचं कार्ड तिला मंजूर न्हाई. म्हणती, "कार्ड नवऱ्याच्या खिशात जातंय, नंबर पोराच्या तोंडी जातोय. अंगठा तेवढा बाईबरुबर ऱ्हातोय."

पण खुरपं धरून, रोपं दाबून आन् राखेनं भांडी घासून बायकांच्या अंगठ्याच्या रेघाच झिजलेल्या. मशीन ओळख देईना. तवा इंदूबाईनं तोड काढली. पैसं काढायच्या आधी तीन दिवस अंगठ्याला सुट्टी. रानात जाताना अंगठ्याला चिंधी बांधायची, निजताना खोबरेल लावायचं, राखेला आन् तारेच्या घासणीला हात लावायचा न्हाई. भांडी घरातल्या बाप्यानं घासायची. एकानं न्हाई म्हटलं, तर ही त्याच्या उंबऱ्यात जाऊन बसली आन् म्हणाली, न्हाई निघाले पैसं तर ऐतवारचं मटण तूच आण बाबा. घासली त्यानं.

मी लई हसलो व्हतो त्यांना. मी तिसरीतनं शाळा सोडली, पण जेवलेलं ताट जन्मात कवा उचललं न्हाई. ह्याचा मला अभिमान वाटायचा.

माझं आन् तिचं वाजलं ते त्याच्या आधी, कांदा लागणीला. आमच्याकडं बाप्याला पाचशे, बाईला तीनशे, असा भाव. तो काय मी काढलेला न्हाई. इंदूबाई दारात येऊन म्हणाली, वाफा तोच, रोप तेच, वेळ तीच, मग भाव दोन कसे? मी म्हटलं, बाप्याच्या हाताला ताकद असती.

"आबा, रोप लावायचंय. उपटायचं न्हाई," ती म्हणाली.

रोप तयार झालेलं, चार दिवस गेले असते तर जरड झालं असतं. तरी मी माझा हेका सोडला न्हाई. म्हटलं, पन्नास वरसं शेती केलीय, बाप्यानं लावलेला वाफा मी बांधावरनं ओळखतो. इथंच चुकलो. तिनं तो शब्द धरला. ओळखायला चुकलास तर सगळ्यांना एकच भाव, म्हणाली, आन् मी व्हय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन बापये आन् दोन बायका, एकेकाला एकेक वाफा. मला दुपारपतोर घरात बसवलं आन् आमच्या म्हातारीला माझ्यावर राखणीला ठेवलं. मग बांधावर नेऊन उभं केलं. मी चारी वाफे फिरलो, दोन रोपांतलं अंतर बोटानं मापलं, एखादं रोप हलवून बघितलं. दोन वाफे निवडले. वळी कशा दोरी धरल्यागत. म्हटलं, हे बाप्यांचे.

बायकांनी पदर तोंडाला लावले. त्यातला एक वाफा इंदूबाईचा व्हता आन् दुसरा तिच्या टोळीतल्या दुसऱ्या बाईचा. बापये दोघं चिलटं हाकत उभे.

मी सगळ्यांना पाचशे कबूल केले. शब्द गेला तर माणूस गेला. वर आमची म्हातारी म्हणाली, मी चाळीस वरसं ह्याच रानात लावतीय, मला किती? त्याचं उत्तर मी अजून देतोय.

तर ते पैसं काढायला सगळ्या यवतला निघाल्या. मला खताच्या दुकानात काम व्हतं, म्हणून मी बी त्याच एसटीत. एकेक बाई चिंधी सोडायची, अंगठा ठेवायची, मशीन टिंग करायचं. इंदूबाई बाजूला उभी राहून दम देत व्हती, चिठ्ठी घे, मागं किती शिल्लक राहिले ते इचार, लाजू नको, तुझंच हायत.

शेवटी तिनं आपला अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून परत ठेवला. लाल. चार येळा झालं. मशीनवाला म्हणाला, मावशी, सहा म्हयने झाले, तुमचा एकदा बी लागला न्हाई. मोठ्या शाखेत जाऊन काढा. ती म्हणाली, तिथं रांगेत अख्खा दिवस जातो, माझ्याच पैशापायी मी माझी हजेरी का मोडू? मग तीन दिवस राखेत हात घालू नका, असं त्यानं सांगितलं. हिचाच नियम हिला. ती हसली आन् व्हय बाबा म्हणाली.

माघारी येताना मी तिच्या पुढच्या शिटावर बसलो. वळून म्हटलं, साऱ्या गावाला शिकवती, तू का पाळत न्हाईस?

ती खिडकीतनं बाहेर बघत व्हती. "आबा, त्यांच्या घरी घासायला दुसरं माणूस हाय."

लगेच मागच्या बाईवर खेकसली, चिठ्ठी चुरगाळू नको म्हणून. मी मान फिरवली ती भांडगाव येईस्तोवर पुढंच ठेवली.

घरी म्हातारीला सांगितलं. ती चुलीपुढं बसलेली, म्हणाली, एकल्या बाईची भांडी ती किती असणार.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरुबर मी इंदूबाईच्या अंगणात गेलो. ती भांड्यापुढं बसायच्या बेतात व्हती. म्हणाली, काय पायजेल आबा? मी म्हटलं, अंगठ्याला चिंधी बांध आन् सरक तिकडं. खाली बसलो, राख घेतली. एक ताट, एक पातेलं, एक तांब्या, एक तवा. तवा काय नीट निघाला न्हाई, म्हणून परत घासला.